फोन तिचा, ओटीपीही तिचाच

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आज आपण वेबसाइटबद्दल बोलणार आहोत. हे शिकलेल्या पोरांचं काम, आपल्याला काय करायचंय, असं म्हणून रेडिओ बंद करू नका. रेशनकार्डात सुनेचं नाव घालायचं असो, जातीचा दाखला असो, पीकविमा असो, मुलीची शिष्यवृत्ती असो की बँकेचं केवायसी असो, आता सगळ्याला वेबसाइट नाहीतर मोबाइलवरचं ॲप लागतं. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी नावसुद्धा ऑनलाइनच नोंदवावं लागतं. पूर्वी आपण कचेरीत जायचो, आता कचेरीच फोनमध्ये आली. पण कचेरीला जशा पायऱ्या असतात, तशा फोनमधल्या कचेरीलाही असतात. धडधाकट माणसाला त्या दिसत नाहीत. ज्या बहिणीला डोळ्यांनी दिसत नाही, कानांनी ऐकू येत नाही किंवा हाताची बोटं चालत नाहीत, ती मात्र तिथेच अडते.

आमच्या ग्रामसंघातल्या एका ताईंचं उदाहरण सांगतो. त्यांना जन्मापासून दिसत नाही. कुरडया आणि शेवया करण्यात त्यांचा हात धरणारं गावात कोणी नाही. गटाच्या बचतीचा हिशोब त्यांना तोंडपाठ असतो. फोनही त्या स्वतः वापरतात. कसा वापरतात, हे आम्हाला पुष्कळ जणी विचारतात. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते. ती विकत घ्यावी लागत नाही. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी नावाचा भाग असतो, त्यात ती सापडते. ॲपलच्या फोनमध्ये तिला व्हॉइसओव्हर म्हणतात. ही सोय चालू केली की पडद्यावर जिथे बोट ठेवाल, तिथे जे असेल ते फोन बोलून दाखवतो, मराठीतसुद्धा. बोट ठेवलं की वाचतो, लागोपाठ दोनदा टकटक केलं की उघडतो. ताई अशाच फोन लावतात, निरोप ऐकतात, बाजारभाव विचारतात.

पण एका योजनेचा अर्ज काही त्यांना स्वतःला भरता आला नाही. आम्ही शेजारी बसून नीट पाहिलं, की अडतं कुठे. पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं, तर फोन नुसतं म्हणाला, "एडिट बॉक्स". दुसऱ्यावर ठेवलं, तरी "एडिट बॉक्स". स्वतःचं नाव कुठे लिहायचं आणि नवऱ्याचं कुठे, हे कळायला मार्गच नाही. डोळ्यांनी पाहणाऱ्याला रकान्याच्या वर नाव दिसत होतं, पण वेबसाइट बनवणाऱ्याने ते नाव रकान्याला आतून जोडलंच नव्हतं. जन्मतारखेला कॅलेंडर उघडत होतं, ते टॉकबॅकला वाचताच येत नव्हतं. मग आली ती वेड्यावाकड्या अक्षरांची चौकट, जिला कॅप्चा म्हणतात. तुम्ही माणूस आहात की यंत्र, हे ती चौकट तपासते. अक्षरं चित्रात, त्यामुळे फोन ती वाचत नाही, आणि ऐकून लिहायची सोय दिलेली नव्हती. म्हणजे ज्या बाईला दिसत नाही, ती त्या वेबसाइटच्या लेखी माणूसच नाही! शेवटी अर्ज पाठवायचं बटण. तिथे फोन म्हणाला, "लेबल नसलेलं बटण". हे बटण पाठवायचं की पुसून टाकायचं, कोण सांगणार?

अखेर ताई बाजारच्या गावी केंद्रावर गेल्या. तिथल्या मुलाने पाच मिनिटांत अर्ज भरला. पण मोबाइल नंबरच्या जागी त्याने त्याच्या सोयीने केंद्राचाच नंबर टाकला. पुढे अर्जात एक कागद कमी असल्याचा निरोप आला, तो केंद्राच्या फोनवर. ताईंना काहीच कळलं नाही. दोन महिन्यांनी तालुक्याला चौकशी केली, तेव्हा समजलं की कागद द्यायची मुदत कधीच टळून गेली. त्या मुलाच्या मनात काही वाईट होतं असं आम्ही म्हणत नाही. तो दिवसभर रांगेतल्या माणसांचे अर्ज भरतो. पण तो अर्ज ताईंना स्वतःच्या फोनवरून भरता आला असता, तर निरोप त्यांच्याच फोनवर आला असता आणि टॉकबॅकने तो वाचून दाखवला असता. एवढीच गोष्ट होती.

मैत्रिणींनो, गटात आल्यावर आपण पहिला धडा कोणता शिकलो? पासबुक आपलं, तर ते आपल्याजवळच पाहिजे. कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. आपल्या आज्यांनी असे अंगठे दिले आणि जमिनी गेल्या, हे आपण घरोघरी ऐकलंय. आजचा अंगठा म्हणजे फोनवर येणारा ओटीपी. वेबसाइट नीट नसली की दिव्यांग बाईला तो ओटीपी दुसऱ्याला सांगावाच लागतो. कधी पुतण्याला, कधी केंद्रावरच्या मुलाला, कधी शेजाऱ्याला. माणूस चांगला भेटला तर ठीक. नाही भेटला तर तिच्या नावावर काय भरलं, कशाला होकार दिला, पैसे कोणत्या खात्यात गेले, हे तिला कळणारही नाही. म्हणून हा सोयीचा प्रश्न तर आहेच, पण त्याहून जास्त हा तिच्या पैशाचा आणि तिच्या मानाचा प्रश्न आहे.

आणि हा प्रश्न फक्त न दिसणाऱ्यांचा नाही. ज्या बहिणीला ऐकू येत नाही, तिला योजनेची माहिती देणारा व्हिडिओ दाखवला आणि खाली बोललेलं लिहून आलं नाही, तर तिला नुसती हलणारी तोंडं दिसतात. कडबाकुट्टीत जिची बोटं गेली, तिला ज्वारीच्या दाण्याएवढ्या बटणावर नेमकं बोट ठेवता येत नाही. जिचा हात थरथरतो, तिचं लिहून होईस्तोवर वेळ संपते आणि पान पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. मोतीबिंदू झालेल्या आजींना पांढऱ्यावरची फिकी पिवळी अक्षरं दिसतच नाहीत. काहींना लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येत नाही. "लाल केलेले रकाने पुन्हा भरा" एवढंच लिहिलं, तर त्यांनी कोणते रकाने भरायचे?

२०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतल्या जवळपास २९ लाख ६३ हजार आपल्या महाराष्ट्रातल्या. देशातल्या दर दहा दिव्यांगांपैकी सुमारे सात जण खेड्यात राहतात. म्हणजे हा विषय शहरापेक्षा आपल्याच वाड्यावस्त्यांचा जास्त आहे.

आता कोणी म्हणेल, वेबसाइट अशी सगळ्यांना चालेल अशी बनवणं फार अवघड असेल. तसं नाही. ती कशी बनवायची, याचे नियम कधीचेच लिहून ठेवलेले आहेत. सगळ्या जगातल्या वेबसाइटचे कायदेकानू ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी नावाची संस्था आहे. तिने याविषयीचे पहिले नियम १९९९ साली काढले, दुसरे २००८ साली, आणि पुढेही त्यांत भर घालत आली. आपल्या भारत सरकारनेही सरकारी वेबसाइटसाठी २००९ साली स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं काढली. या नियमांचं सार चार प्रश्नांत सांगता येतं. पानावरचं सगळं डोळ्यांनी नाहीतर कानांनी, कसंही का होईना, माणसापर्यंत पोहोचतं का? ते चालवता येतं का? ते समजतं का? आणि वेगवेगळ्या फोनवर, वाचून दाखवणाऱ्या सोयींबरोबर ते नीट चालतं का? चारही उत्तरं हो आली पाहिजेत.

त्यासाठी करायचं काय? चित्राला आतून चार शब्दांचं वर्णन जोडायचं. प्रत्येक रकान्याला आणि बटणाला त्याचं नाव द्यायचं. अक्षर आणि त्यामागचा रंग यांत पुरेसा उठाव ठेवायचा. व्हिडिओखाली बोललेलं लिहायचं. वेळ संपत आली तर आणखी वेळ मागता आला पाहिजे. शाळेची खोली बांधतानाच उतार केला तर त्याला फारसा खर्च येत नाही. बांधून झाल्यावर पायऱ्या फोडून उतार करायचा म्हटलं की सरपंचांपासून सगळे कुरकुरतात. वेबसाइटचंही तसंच आहे. आणि उतारावरून नुसती चाकाची खुर्ची जात नाही, बाळंतीण जाते, म्हातारी जाते, पाण्याची घागर घेतलेली बाईही जाते. मोठी, ठसठशीत अक्षरं भर उन्हात शेतात उभं राहून फोन पाहणाऱ्या आपल्यालाही उपयोगीच पडतात.

संगणकावर पडदा वाचून दाखवणारी एनव्हीडीए नावाची एक प्रणाली आहे. ती फुकट मिळते. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली तिचं काम सुरू केलं, पुढे जेम्स तेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. अशी वाचनप्रणाली महाग मिळते आणि ती सगळ्यांना परवडत नाही, म्हणून त्यांनी स्वतःच ती बनवली. तेव्हा दिव्यांग माणूस म्हणजे ज्याला नेहमी कोणीतरी मदत करायची, असं समजू नये. त्यांनी त्यांचं काम केलं आहे. आता वेबसाइट बनवणाऱ्यांनी आपलं करायचं आहे.

आता कायद्याचं सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हे नाव लक्षात ठेवा. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार सांगितले आहेत. त्याचं कलम ४२ सांगतं की छापील, ऐकण्याची आणि इलेक्ट्रॉनिक माहिती दिव्यांगांना वापरता येईल अशीच पाहिजे, आणि ती तशी असेल याची व्यवस्था सरकारने करायची आहे. सेवा देणाऱ्याने, मग तो सरकारी असो की खासगी, सेवा सुगम करायला कलम ४६ने नियम निघाल्यापासून दोन वर्षं दिली. नियम २०१७ साली निघाले. म्हणजे ती मुदत कधीच संपली.

सर्वोच्च न्यायालयानेही यावर दोन मोठे निकाल दिले आहेत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात न्यायालय म्हणाले की सुगमतेचे नियम नुसते सल्ल्यासारखे ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक पाहिजेत. दुसरा निकाल ३० एप्रिल २०२५चा. प्रज्ञा प्रसून या ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या बाई. फोनवरून केवायसी करताना समोरचा माणूस जिवंत आहे हे पाहायला "डोळे मिचकावा" असं सांगतात. ॲसिडने ज्यांच्या पापण्या जळाल्या त्यांनी डोळे मिचकावायचे कसे? त्या न्यायालयात गेल्या. अमर जैन या अंध गृहस्थांचा अर्जही त्याच वेळी न्यायालयापुढे होता. न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ने दिलेल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. डोळे मिचकावण्याला दुसरा पर्याय द्या, सहीऐवजी अंगठाही चालवा, कागदावरून केवायसी करायची सोय बंद करू नका, वेबसाइट आणि ॲप वेळोवेळी तपासून घ्या, अशा वीस सूचना त्यांनी दिल्या. तेव्हा उद्या बँकेत कोणी म्हणालं, "मावशी, सिस्टिमच घेत नाही, आम्ही काय करणार?", तर त्यांना हा निकाल सांगा. सिस्टिम माणसाने बनवली आहे. ती माणसालाच बदलता येते.

इथपर्यंत दुसऱ्यांनी काय करावं ते बोललो. आता आपल्या घरातलं बघू. आपले गटसुद्धा आता फोनवर माहिती पाठवतात. व्हॉट्सॲपवर बैठकीची सूचना येते ती बहुधा कागदावर लिहून काढलेल्या फोटोची. टॉकबॅक तो फोटो वाचून दाखवत नाही, "फोटो" एवढंच म्हणतो. म्हणून फोटो पाठवायचाच असेल तर खुशाल पाठवा, पण त्याखाली तोच मजकूर टाइप करून पाठवा. टाइप करणं जमत नसेल तर बोलून पाठवा. बोलून पाठवलं तर ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी लिहा. दोन्ही केलं म्हणजे कोणी राहत नाही.

मराठीची आणखी एक अडचण आहे, ती माहीत असू द्या. डीटीपीच्या दुकानात पुष्कळदा जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप करतात. कागदावर ते मराठी दिसतं, पण फोनच्या दृष्टीने आत सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. टॉकबॅक ते वाचायला गेला की नुसता गोंधळ ऐकू येतो. यावर उपाय म्हणजे युनिकोड. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली, आणि आपली देवनागरी त्यात तेव्हापासून आहे. आपण फोनवर मराठी टाइप करतो ते युनिकोडमध्येच होतं. तेव्हा गटाचा ठराव, पत्रक, दरपत्रक दुकानातून करून घेताना एवढं सांगायचं, "दादा, युनिकोडमध्ये करा आणि आम्हाला फाइलही द्या." बिल देणाऱ्या आपण आहोत, सांगायला लाजायचं नाही.

पापड-लोणच्याचे फोटो विकायला टाकता, तेव्हा खाली शब्दांत लिहा. "नाचणीचे पापड, पाव किलोचं पाकीट, तिखट मध्यम, किंमत इतकी." दिसत नसलेलं गिऱ्हाईकही मग घेऊ शकेल. सरकारी काम होईल तेव्हा होईल, हे आपल्याला आजपासून करता येतं.

आणि मदत करायची वेळ आली तर ती कशी करायची? फोन तिच्याच हातात राहू द्या. आपण वाचून सांगायचं, बोट तिने ठेवायचं. मोबाइल नंबर तिचाच टाकायचा. ओटीपी तिने ऐकायचा आणि तिनेच भरायचा. टॉकबॅक मोठ्याने बोलतो, म्हणून कानात इअरफोन घालायला सांगा, नाहीतर चारचौघांत तिचा आकडा सगळ्यांना ऐकू जातो. अर्ज पाठवण्याआधी काय काय भरलं आहे ते तिला पहिल्यापासून वाचून दाखवा. अर्जाचा क्रमांक तिच्या फोनमध्ये जपून ठेवा. ती हो म्हणाली तरच पाठवा.

कुठे अडलं तर नुसतं चुकचुकून सोडू नका, लिहून ठेवा. तारीख काय होती, कोणती वेबसाइट, कोणतं पान, फोन काय बोलला, पुढे काय झालं नाही. पाच ओळी पुरतात. ज्या कार्यालयाची वेबसाइट असेल त्या कार्यालयाकडे अर्ज करा, अर्जात त्या कायद्याचं कलम ४२ लिहा, आणि पोच घ्यायला विसरू नका. तिथे दाद लागली नाही तर राज्यासाठी दिव्यांग आयुक्त पुण्यात बसतात, त्यांच्याकडे जाता येतं. कायदा मोडणाऱ्याला पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा मोडला तर पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत. आणि एकटीच्या अर्जापेक्षा ग्रामसंघाच्या ठरावाला वजन असतं, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. रस्त्यासाठी, पाण्यासाठी आपण ठराव केलेच आहेत.

हे रेडिओवरचं बोलणं ज्या बहिणींना ऐकू येत नाही, त्यांच्यापर्यंत आत्ता पोहोचत नाही, याची आम्हाला जाणीव आहे. म्हणूनच ते मासिकात छापून यायचं आहे. शेजारच्या अशा बहिणीला तो अंक नेऊन द्या. आणि जिला वाचता येत नाही, तिला तो वाचून दाखवा.

पुढच्या मासिक बैठकीत दशसूत्री म्हणून झाली, बचत जमा झाली, की दहा मिनिटं काढा. एका फोनवर टॉकबॅक चालू करा. तो चालू झाल्यावर फोन नेहमीसारखा चालत नाही, बोट फिरवायची रीत बदलते, म्हणून बंद कसा करायचा ते आधी पाहून घ्या. मग जिची मर्जी असेल तिने डोळे मिटावेत आणि गटाची शेवटची व्हॉट्सॲप सूचना फोनकडून ऐकायचा प्रयत्न करावा. सूचना ऐकू आली, तर आपला गट चांगला चाललाय म्हणायचं. नुसतं "फोटो" ऐकू आलं, तर त्याच बैठकीत ठराव लिहा, की यापुढे प्रत्येक सूचना टाइप करून जाईल. गटात कोणी दिव्यांग सभासद असेल, तर तिलाच विचारा की तिला कुठे कुठे अडतं. तिच्यापेक्षा चांगलं ते कोणालाच सांगता येणार नाही.

तुमच्या बैठकीत काय झालं, ते आम्हाला जरूर कळवा.